डेटा सेंटरची जागा शोधताना: आधी वीज, मग सातबारा

दलालाचा फोन जवळपास नेहमी सारखाच असतो. "साहेब, खालापूरजवळ पन्नास एकर आहे, हायवे टच, एकच मालक, टायटल क्लिअर." ऐकायला छान वाटतं, पण डेटा सेंटरसाठी जी माहिती सगळ्यात आधी लागते ती यात नसते. त्या जागेवर किती मेगावॅट वीज, कुठल्या उपकेंद्रातून आणि कोणत्या वर्षी मिळेल? याचं उत्तर नसेल तर ते पन्नास एकर म्हणजे नुसती शेतजमीन आहे.

हा लेख एआयच्या डेटा सेंटरसाठी जागा शोधण्याच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे. सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल शिकून एखाद्या विकासकाकडे लागलेले, जमिनीच्या व्यवहारातून इकडे वळलेले, किंवा आपल्याच गावाजवळ असा प्रकल्प येतोय म्हणून समजून घेऊ पाहणारे. उदाहरणं मुख्यतः ऐरोली-महापेपासून तळोजा-पनवेल-खालापूरपर्यंतच्या पट्ट्यातली आहेत, कारण देशातला डेटा सेंटरचा सर्वात मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईत आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र सोडू नका. मी पाहिलेल्या बहुतेक चुका क्रम उलटल्यामुळेच झाल्या आहेत.

पायरी १: जमीन बघण्याआधी एक पान लिहा

एआयचं डेटा सेंटर हे नेहमीच्या डेटा सेंटरचं नुसतं मोठं रूप नाही. बँकेच्या किंवा वेबसाइटच्या सर्व्हरचा एक रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायचं कपाट, साधारण ५ ते १० किलोवॅट घेतो. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या एकाच रॅकमध्ये ७२ जीपीयू, म्हणजे एआयची गणितं करणाऱ्या चिप, बसतात. तो रॅक सुमारे १२० किलोवॅट खातो आणि त्याचं वजन १.३ टनांच्या वर जातं. म्हणजे जमीन तुलनेने कमी लागते, पण तेवढ्याच जागेत वीज, उष्णता आणि वजन अनेक पटींनी वाढतं.

म्हणून पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. पहिली, सुरुवातीला किती मेगावॅट आणि शेवटी किती. दुसरी, काम प्रशिक्षणाचं आहे की उत्तरं देण्याचं. मोठं मॉडेल शिकवण्याचं काम शहरापासून दूरही चालतं, कारण तिथे जीपीयू एकमेकांशी बोलत असतात. ग्राहक सेकंदा-सेकंदाला वाट बघत नसतो. शेअर बाजार, बँका किंवा बोलून उत्तर देणाऱ्या सेवा असतील तर अंतर मोजावं लागतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-नागपूर ८०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद, त्यात मधल्या उपकरणांचा वेळ वेगळा. बऱ्याच कामांना एवढा उशीर चालतो. तुमच्या ग्राहकाला चालतो का, हे त्यालाच विचारून लिहून घ्या, कारण या एका उत्तरावर शोधाचा नकाशा नवी मुंबईतल्या रबाळ्यापुरता राहतो किंवा नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत पसरतो. तिसरी गोष्ट तारीख. पहिला रॅक कधी चालू व्हायला हवा?

पायरी २: नकाशावर जमीन नाही, उपकेंद्रं शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

सर्व्हरचा भार १०० मेगावॅट असेल, तर थंड ठेवणं, रूपांतरणातला तोटा आणि दिवे-पंखे धरून एकूण गरज जास्त होते. एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. आपल्या हवेत १.४ धरून चाललात तर १०० चे १४० मेगावॅट होतात. इतका भार ११ किंवा ३३ केव्हीवर (किलोव्होल्टवर) मिळत नाही. त्याला अतिउच्च दाबाची (व्होल्टेजची), मोठ्या संकुलाला बहुधा २२० केव्हीची जोडणी लागते, आणि ती दोन वेगळ्या मार्गांनी.

तेव्हा पहिल्या दिवशी पारेषण जाळ्याचा नकाशा घ्या आणि २२० व ४०० केव्हीच्या उपकेंद्रांवर टिंबं टाका. प्रत्येक टिंबाभोवती दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढा. शोध त्या वर्तुळांतच करायचा. वर्तुळाबाहेरची जमीन फुकट मिळाली तरी ती बाजूला ठेवा.

मग उपकेंद्रावर जा. नवख्यांची गफलत हमखास इथे होते. शेतावरून टॉवरची लाइन गेलेली दिसली की वीज आली असं वाटतं. वरून जाणारी लाइन तुमची नसते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. रोहित्रांवर (ट्रान्सफॉर्मरवर) आज भार किती आहे आणि मंजूर पण अजून न आलेला भार किती? मोकळा बे, म्हणजे नवी वाहिनी जोडायची जागा, आहे का, आणि नसेल तर वाढवायला उपकेंद्राच्या आवारात जागा आहे का? एक रोहित्र किंवा एक वाहिनी बंद पडली तर उरलेली यंत्रणा तुमचा भार उचलेल का? तुमच्या आधी रांगेत कोण आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. नवी मुंबई पट्ट्यात एकेका उपकेंद्रामागे अनेक अर्जदार उभे असतात.

अर्जाची वाट ढोबळमानाने अशी. तुम्ही ग्राहक म्हणून वितरण परवानाधारकाकडे, बहुतेक ठिकाणी महावितरणकडे, अर्ज करता. जोडणी अतिउच्च दाबाची असल्यामुळे राज्याची पारेषण कंपनी महापारेषण भारप्रवाहाचा, म्हणजे तुमच्या भारामुळे जाळ्यात वीज कशी वाहील याचा, अभ्यास करते आणि तांत्रिक व्यवहार्यता कळवते. त्यानंतर अंदाजपत्रक, शुल्क आणि काम. तोंडी "होऊन जाईल" याला काडीचीही किंमत नाही. मेगावॅट, दाब, उपकेंद्राचं नाव आणि अपेक्षित महिना या चार गोष्टी ज्या कागदावर आहेत तेवढाच कागद खरा. एका प्रकल्पात आम्ही बैठकीतल्या आश्वासनावर जमिनीचा विसार देऊन बसलो होतो. अभ्यासाचा अहवाल आला तेव्हा कळलं की आमच्या भाराआधी नवी वाहिनी उभी राहावी लागणार आहे. दोन पावसाळे गेले. तेव्हापासून मी कागद हातात आल्याशिवाय पाकीट उघडत नाही.

उपकेंद्रापासून तुमच्या कुंपणापर्यंतची वाटही मोजा. २२० केव्हीच्या वाहिनीला साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. तो कुणाच्या शेतातून, कुठल्या वनजमिनीतून, किती खातेदारांच्या गटांतून जातो ते गावनकाशावर आखून बघा. तीन किलोमीटरच्या मार्गात पन्नास-साठ खातेदार निघू शकतात आणि त्यातल्या एकाच्या हरकतीने काम थांबतं. शहरात भूमिगत केबल टाकता येते, पण खर्च कित्येक पट आणि रस्ता खोदण्याच्या परवानग्या वेगळ्या.

जोडणी मिळाली म्हणजे वीज अखंड मिळेल असं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ४०० केव्हीच्या वाहिन्या पाठोपाठ बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यानंतर खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आणि मुंबईत वीज आत आणायची नवी वाट झाली. तुमच्या जागेचे दोन स्रोत वरच्या पातळीवर कुठे एक होतात ते शोधा. दोन वेगळ्या उपकेंद्रांतून दोन वाहिन्या घेतल्या, पण दोन्ही उपकेंद्रं एकाच ४०० केव्ही केंद्रावर जगत असतील, तर तुमच्याकडे एकच स्रोत आहे.

उलट बाजूही समजून घ्या. डेटा सेंटर स्वतः जाळ्याला धक्का देऊ शकतं. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या वाहिनीवर बिघाड झाला, दाब क्षणभर खाली-वर झाला आणि सुमारे ६० डेटा सेंटरांनी एकदम स्वतःच्या बॅकअपवर उडी मारली. जवळपास १,५०० मेगावॅट भार क्षणात जाळ्यावरून नाहीसा झाला. प्रशिक्षणाच्या कामात हजारो जीपीयू एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी धावतात, त्यामुळे भार रोजही झोके घेतो. म्हणून महापारेषणच्या अभियंत्यांशी बोलताना आपला भार कसा वागतो ते लपवू नका. त्यांना आधी सांगितलं तर उपाय बसवता येतात.

आता दर. १४० मेगावॅट वर्षभर पूर्ण चालले तर सुमारे १२२ कोटी युनिट होतात. प्रति युनिट एका रुपयाचा फरक म्हणजे वर्षाला १२२ कोटी रुपये. समजा जमीन ३० एकर आणि एकरी ४ कोटी, तर सगळ्या जमिनीची किंमत १२० कोटी. एका वर्षातला एक रुपया त्याच्यापेक्षा मोठा. तरी लोक जमिनीच्या भावावर चार महिने घासाघीस करतात आणि विजेचा हिशेब चार ओळींत उरकतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी १०० किलोवॅटपासून पुढच्या ग्राहकांना बाहेरून हरित वीज घेण्याची वाट मोकळी केली. स्वतःचा वीज प्रकल्प 'कॅप्टिव्ह', म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा, म्हणून धरायचा असेल तर किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरणं आवश्यक आहे. पारेषण, व्हीलिंग (वितरणाच्या तारा वापरण्याचा आकार) आणि इतर आकार धरूनच तुलना करा. सौरऊर्जा दिवसाची असते आणि तुमचा भार रात्री तीन वाजताही तेवढाच असतो. त्या रात्रीच्या विजेचं काय, याचं उत्तर मागितल्याशिवाय "शंभर टक्के हरित" हे शब्द स्वीकारू नका.

पायरी ३: पाणी, आणि ते कुणाच्या वाट्याचं

सर्व्हरची उष्णता बाहेर टाकायची तर एक रस्ता पाण्याच्या बाष्पीभवनाचा. वीज कमी लागते, पाणी जास्त. दुसरा रस्ता कोरड्या कूलरचा किंवा हवेने थंड होणाऱ्या चिलरचा. पाणी जवळजवळ लागत नाही, वीज जास्त लागते. जागा निवडताना हा निर्णय आपोआप होतो, म्हणून तो डोळे उघडे ठेवून करा.

अंदाजासाठी सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे १.८ लिटर हा आकडा बराच वापरला जातो. १०० मेगावॅट म्हणजे दिवसाला २४ लाख युनिट, म्हणजे ४३ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर रोज ४३० टँकर. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने हे सुमारे ३२,००० लोकांचं पाणी झालं. ही तुलना कागदावर मांडूनच ग्रामपंचायतीत जा, कारण गाव ती मांडणारच आहे.

अमेरिकेत ओरेगनमधल्या द डॅल्स या छोट्या शहरात गुगलची डेटा सेंटरं किती पाणी घेतात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की शहराच्या पाण्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक वापर तिथे होत होता. चिलीत सँतियागोजवळ सेरियोसला तर पाण्याच्याच मुद्द्यावर पर्यावरण न्यायालयाने २०२४ मध्ये गुगलच्याच केंद्राच्या परवानगीचा फेरविचार करायला लावला आणि त्या कंपनीला हवेवर थंड होणाऱ्या आराखड्याकडे वळावं लागलं.

आपल्याकडे मुंबई पट्ट्यात हवा दमट असते, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे बाष्पीभवनाचा फायदा मुळातच कमी होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा कोरडा, म्हणजे बाष्पीभवन छान चालेल, पण पाणी नेमकं तेव्हाच नसतं. यातून माझं मत असं झालं आहे की दुष्काळी पट्ट्यात बाष्पीभवनावर चालणारं मोठं केंद्र उभारूच नये. चिपपर्यंत नळीतून द्रव नेणारी नवी पद्धत बंद चक्रात चालते आणि तो द्रव ४० अंशांच्या आसपास चालत असेल तर बाहेरची उष्ण हवाही वर्षातला बराच काळ त्याला थंड करू शकते. थोडी वीज जास्त जाईल. जाऊ द्या.

पाणी घ्यायचंच असेल तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी बघा. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणेच्या मलप्रक्रिया केंद्रांतलं पाणी आणखी शुद्ध करून एमआयडीसीतल्या उद्योगांना पुरवण्याची सोय केली आहे. अशा वाहिनीचं अंतर, दाब आणि वर्षभराची हमी विचारा. बोअरवेलवर मोठं केंद्र उभं करण्याचा विचार मनातून काढून टाका.

पायरी ४: जागा जुलैत बघा

उन्हाळ्यात सगळ्या जमिनी चांगल्या दिसतात. मार्चमध्ये कोरडा ओढा आहे की पाणंद आहे हेसुद्धा ओळखू येत नाही. म्हणून जागा दोनदा बघायची, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मुसळधार पावसात, भरतीच्या वेळी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बदलापूर-वांगणीकडे आज स्वस्त म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सपाट जमिनी त्याच खोऱ्यात आहेत. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डेटा सेंटरसाठी लाल रेषेच्याही बाहेर आणि वर जा. जिथे पूररेषा आखलेलीच नाही तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. मी दर वेळी असं करतो आणि तो हात सर्व्हेयरच्या उंचीच्या आकड्यांशी ताडून बघतो.

इमारत कोरडी राहिली तरी रस्ता बुडला तर डिझेल येत नाही, हेही ध्यानात घ्या. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या तळघरात पाणी शिरून डिझेलचे पंप बंद पडले. जनरेटर वरच्या मजल्यावर शाबूत होता. मग तिथल्या लोकांनी बादल्या हातोहात देत जिन्याने १७ मजले डिझेल वर नेलं आणि सर्व्हर चालू ठेवले. कौतुक वाटतं, पण आपल्यावर ती वेळ येऊ नये अशी जागा शोधणं हे आपलं काम.

भूकंपाबाबत नकाशातल्या झोनवर विसंबून राहू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं तेव्हा तो भाग सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये दाखवलेला होता. १९६७ चा कोयनेचा भूकंप तर सगळ्यांना ठाऊक आहे. जागेनुसार अभ्यास करून घ्या, विशेषतः रॅकचं वजन आणि छतावरचे कूलर लक्षात घेऊन.

मातीचा खर्च नकाशावर दिसत नाही. देशावर काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, ती काढून मुरूम भरावा लागतो. खाडीकाठी चिखल खोल असतो आणि पाइल (पायाचा खोल खांब) कातळापर्यंत न्यावी लागते. चांगला बेसॉल्ट वर असेल तर पाया स्वस्त, पण केबलचे चर खोदणं महाग. विसार देण्याआधी चार-पाच बोअर घेऊन नमुने तपासा. मालक नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते विचारा.

पायरी ५: सातबारा वाचायला शिका

वकील लागतोच. पण पहिली चाळणी तुम्हीच करायची, कारण दहा जागांतल्या सात इथेच गळतात.

सातबाऱ्यावर आधी भोगवटादाराचा वर्ग बघा. वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर हस्तांतरणाला शासनाची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे वेळ. मग 'इतर अधिकार' हा रकाना. कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क हे सगळं तिथे असतं. खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या ३६अ कलमाचं संरक्षण आहे. रायगड-पालघरमध्ये कातकरी आणि ठाकूर खातेदारांच्या जमिनी मधल्या माणसांमार्फत पुढे येतात. अशा व्यवहारात जाऊ नका. ते संरक्षण ज्या लुबाडणुकीमुळे आलं ती खरी होती.

त्यानंतर वन. कोकण पट्ट्यात जुन्या खाजगी वनांचा प्रश्न अजून जिवंत आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याचा किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ च्या नोटिशीचा उल्लेख कुठल्याही फेरफारात आढळला तर थांबा आणि वनखात्याकडून लेखी खुलासा घ्या. फेरफार निदान तीस वर्षांचे वाचा. "टायटल क्लिअर" म्हणणाऱ्याने ते वाचलेले असतातच असं नाही.

खाडीकाठी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा आणि कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. प्लॉटच्या कोपऱ्यात चार झाडं दिसली की त्यांच्यापासून मोजा. कुणी ती काढून देतो म्हणाला तर तिथून उठा. माथेरानसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या हद्दी आणि पश्चिम घाटातल्या अशा क्षेत्राच्या मसुद्यातली गावं स्वतंत्रपणे तपासा.

मग मोजणी. भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय क्षेत्रावर विश्वास ठेवू नका. कागदावर ५० एकर, जागेवर ४६, त्यातून रस्ता, नाला आणि टॉवरखालचा पट्टा गेला की ४०, आणि तेही एखाद्या पाणंदीने दोन तुकड्यांत.

एमआयडीसीचा भूखंड घेतला तर या पायरीतला बराच त्रास वाचतो. जमीन औद्योगिक असते, रस्ता-पाणी असतं आणि भाडेपट्टा ९५ वर्षांचा असतो. पण मोठे सलग भूखंड दुर्मीळ, आणि वीज तिथेही आपोआप येत नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, मग जागा कुठलीही असो.

पायरी ६: फायबर

मुंबई पट्ट्याचं बळ समुद्राखालच्या केबलमध्ये आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्यातल्या कित्येक उतरतात. पण २०२४ आणि २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा इथल्या वाहतुकीलाही झळ लागली. त्यामुळे ग्राहक परदेशी असेल तर चेन्नईच्या बाजूने बाहेर पडणारी वाटही हवी.

जागेवर मात्र प्रश्न साधा असतो. तीन कंपन्या सेवा देतो म्हणतात, त्यांच्या केबल एकाच चरातून येतात का? हमखास येतात. महामार्गाच्या रुंदीकरणात एक जेसीबी तिघांनाही तोडतो. प्रत्येकाकडून मार्गाचा नकाशा घ्या, तिन्ही एकावर एक ठेवा आणि कुठल्या पुलावर एकत्र येतात ते स्वतः जाऊन बघा. कुंपणात दोन वेगळ्या दिशांनी प्रवेश मिळेल अशीच जागा धरा.

पायरी ७: शेजार

हवेपासून सुरुवात करा. तळोजा, पाताळगंगा किंवा खाडीलगत हवेत गंधकाची संयुगं आणि क्षार असतात आणि ते सर्किटवरचं तांबं-चांदी खातात. तांब्याची आणि चांदीची पट्टी जागेवर महिनाभर टांगून प्रयोगशाळेत द्या. महिन्यात तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत थर बसला तर हवा सौम्य मानतात. खर्च किरकोळ आहे, तरी फार थोडे लोक ही चाचणी करतात.

विमानतळ. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आहे, त्यामुळे पनवेल-उलवे बाजूला इमारतीची आणि जनरेटरच्या धुराड्याची उंची विमानतळ प्राधिकरणाकडून आधी तपासून घ्या. गॅसच्या वाहिन्या, तेलाचे साठे आणि रसायनांचे कारखाने किती अंतरावर आहेत तेही नोंदवा.

आणि गाव. जनरेटरची चाचणी दर महिन्याला होणार, कूलरचे पंखे रात्रंदिवस घुमणार, शेकडो किलोलिटर डिझेल साठणार. बांधकामात हजारो माणसं येतील, पण नंतर कायमच्या नोकऱ्या थोड्याच असतील. ग्रामसभेत हे असंच सांगा. "गावातल्या प्रत्येक घरात नोकरी" असं बोलणारे मी ऐकले आहेत आणि दोन वर्षांनी त्याच गावाने रस्ता अडवलेलाही पाहिला आहे. गाव चुकलं नव्हतं. जवळच्या घरापर्यंत आवाज किती पोहोचेल ते मोजून दाखवा, चराईची वाट आणि देवळाची वाट मोकळी ठेवा, आणि वाहिनी ज्यांच्या शेतातून जाते त्यांच्याशी दलालामार्फत नाही, स्वतः बोला.

पायरी ८: गुण द्या, पण आधी गाळा

अनेक जण पहिल्याच दिवशी तक्ता करून वीज ३० गुण, पाणी १५, रस्ता १० असं मांडतात. यात एक फसवणूक होते. पूररेषेतली जागा रस्ता-फायबर-भाव यांवर गुण मिळवून वर येते. म्हणून दोन चाळण्या ठेवा. पहिल्या चाळणीत फक्त हो किंवा नाही. हव्या त्या वर्षात वीज लेखी मिळते का, लाल पूररेषेबाहेर आहे का, वन-सीआरझेड-आदिवासी खातेदाराच्या प्रश्नांपासून मोकळी आहे का, दोन दिशांनी फायबर येतं का. एक जरी 'नाही' आलं तर जागा बाद, मालक कितीही जवळचा असो. उरलेल्यांनाच गुण द्या, आणि त्यात विजेच्या तारखेला सर्वात जास्त.

अवजड वाहतुकीची वाटही याच वेळी तपासा. २२० केव्हीचं मोठं रोहित्र शंभर टनांच्या घरात जातं. वाटेतल्या एखाद्या जुन्या मोरीवरून ते जाणार नसेल तर मोरी बांधण्याचा खर्च तुमच्या खात्यात धरा.

व्यवहार करताना थेट खरेदीखत करू नका. साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करा आणि त्यात टप्पे बांधा. सही करताना छोटा विसार, मोजणी आणि सर्च रिपोर्ट आल्यावर दुसरा हप्ता, जोडणीची लेखी मंजुरी आल्यावर तिसरा, बाकी खरेदीखताच्या दिवशी. ठरलेल्या तारखेपर्यंत वीज मंजूर झाली नाही तर विसार परत किंवा मुदतवाढ, हे कलम मालकाला मराठीत वाचून, समजावून मगच सही घ्या. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जागेच्या मालकाला नकार कळवू नका. महापारेषणचं पत्र हातात येईपर्यंत त्याच्याशी बोलणं चालू ठेवा, आपला अर्ज अजून प्रलंबित आहे हे त्यालाही खरं सांगून.